पाळीव प्राण्यांवरील गोचीड व पिसवांचे नियंत्रण

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावात कुत्रे, मांजर व दुभते जनावर एकाच आवारात वावरतात. त्यामुळे गोचीड-पिसवांचा बंदोबस्त हा साऱ्या घराच्या आरोग्याचा प्रश्न ठरतो. शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, २०१६ साली उद्भवलेला माकडताप जंगलातील गोचिडांमार्फत माणसाला जडतो. रानात गेलेली जनावरे व कुत्री अशा गोचिडांना घरापर्यंत आणू शकतात.

रक्त पिऊन टरारलेली मादी गोचीड खाली गळते व भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते. पिसवांची पिलावळ प्राण्याच्या अंथरुणात वाढते. म्हणून केवळ प्राण्याला औषध लावून भागत नाही. भेगा लिंपाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे आणि पशुवैद्यकांनी सांगितलेल्या अंतराने औषध पुन्हा द्यावे. त्याची मात्रा प्राण्याच्या वजनानुसार ठरवून घ्यावी.

कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला कदापि लावू नये; ते त्याच्या जिवावर बेतते. पिकांवरील कीटकनाशक तर कोणत्याच प्राण्यावर वापरू नये. चिकटलेली गोचीड रॉकेल न लावता, चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी व हात साबणाने धुवावेत.

एका घरातील गोचीड शेजारच्या गोठ्यात सहज पोहोचते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती वस्तीवस्तीत पोहोचविली, तर हा बंदोबस्त साऱ्या गावाचा होईल.