आधी बाण, मग सूत्र : घाटातल्या बँकरकडून शिकलेलं फिजिक्स

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना येणारे माझे 'म्हणजे' आणि 'बरं का' जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच आहे. आजचा भाग अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

मागच्या पावसाळ्यात कुरवंड्याला बहिणीकडे गेलो होतो. भाची तेव्हा अकरावी सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मार्क चांगले. आणि फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ६. जेवताना तिने हळूच विचारलं, "मामा, मी आर्ट्सला बदलून घेऊ का?" बहीण काही बोलली नाही. दाजी म्हणाले, "मला त्यातलं कळत नाही. फी भरलीय एवढं कळतं."

मी तिचा पेपर मागून घेतला. बघितलं तर प्रत्येक उत्तराच्या वर सूत्र होतं, आणि सूत्रं सगळी बरोबर होती. चुकलं होतं ते पुढचं. दिलेल्या आकड्यांत जे अक्षर सापडेल ते सूत्रात घालायचं, एवढंच तिला माहीत होतं. त्यात भाषेची अडचण वेगळी. दहावीत 'बल', 'त्वरण', 'संवेग' असं शिकलेलं पोर अकरावीत एकदम फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटमवर येतं. तिला वाटत होतं की विषयच बदलला. विषय तोच असतो, पाटी बदललेली असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उघडीप होती, म्हणून आम्ही नागफणीवर गेलो. धुकं हटलं की तिथून खाली खंडाळ्याचा घाट दिसतो. एक गाडी पुण्याकडे चढत होती. पुढे इंजिन, आणि सगळ्यात मागे ढकलणारे बँकर. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्यांना हे सांगायला नको. कर्जतला वडापाव हातात असताना मागून जो हलका धक्का बसतो, तो बँकर जोडल्याचा.

मी तिला विचारलं, "समज गाडी एकसारख्या वेगाने चढतेय. तिच्यावर एकूण बल किती, आणि कुठल्या दिशेला?"

ती लगेच म्हणाली, "वरच्या दिशेला. वर चाललीय ना!"

इथेच गोम आहे, मंडळी. बहुतेकांची चूक हीच असते. वेग बदलत नाही म्हणजे त्वरण शून्य, आणि त्वरण शून्य म्हणजे एकूण बलही शून्य. गाडी वर जात असो नाहीतर खाली. बलाने वेग बदलतो. आहे तो वेग टिकवायला एकूण बल लागत नाही.

मग वहीत आकृती काढली. गाडी म्हणजे एक चौकोन, आणि तिच्यावरच्या प्रत्येक बलाचा एक बाण. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मी एकच नियम सांगितला: प्रत्येक बाणाला विचारायचं, "तुला कोण लावतंय?" वजनाचा बाण पृथ्वी लावते. रुळाला काटकोनातला बाण रूळ लावतो. तिने तिसरा बाण काढला होता, 'गतीचं बल'. तो कोण लावतंय? उत्तर आलं नाही. खोडून टाक. मग गाडीला वर कोण नेतं? इंजिनाची चाकं रुळाला मागे रेटतात, आणि रूळ चाकांना पुढे रेटतो. म्हणजे इथे घर्षण पुढच्या दिशेला आहे! 'घर्षण नेहमी गतीला विरोध करतं' हे पाठ केलेलं वाक्य इथेच फसवतं.

आता आकडे. १८६३ मध्ये भोर घाटातली रेल्वे सुरू झाली. तिचा सगळ्यात कडक चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. इंजिनासकट गाडी १००० टन धरू. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग म्हणजे एम जी साइन थीटा, आणि इथे साइन थीटा म्हणजे ३७ भागिले १ नव्हे हं, १ भागिले ३७. दहा लाख किलो गुणिले ९.८ भागिले ३७, उत्तर सुमारे २ लाख ६५ हजार न्यूटन. एवढं बल गाडीला सतत खाली ओढतंय.

रूळ जास्तीत जास्त किती पुढे रेटू शकतो? इंजिन १२० टनांचं आणि घर्षण गुणांक ०.२५ धरला तर सुमारे २ लाख ९४ हजार. म्हणजे कोरड्या रुळावर कसंबसं जमतं. पण गाडी चढावर थांबली आणि तिला ०.०५ एवढं छोटंसं त्वरण द्यायचं झालं, तर आणखी ५० हजार लागतील. बेरीज ३ लाख १५ हजार. संपलं, चाकं जागेवर फिरणार. पावसात गुणांक ०.१५ वर आला तर मर्यादा १ लाख ७६ हजार, म्हणजे चढणंच अशक्य. म्हणून बँकर, आणि म्हणूनच चाकांखाली टाकायला इंजिनात वाळू असते.

तिने विचारलं, "मग दोन्ही इंजिनं पुढेच का नाही लावत?"

हा प्रश्न आला तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आता 'वस्तू' बदल. चौकोनात फक्त डबे घे, ८८० टन. त्यांना वर धरून ठेवायला सुमारे २ लाख ३३ हजार न्यूटन लागतात. सगळं पुढून ओढलं तर तो सगळा ताण इंजिन आणि पहिल्या डब्याच्या जोडावर येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि जोड तुटलाच तर डबे मागे घसरू नयेत म्हणून मागे आधारही असतो. गाडी तीच, पण चौकोन कशाभोवती काढायचा हे आपण ठरवायचं. जे बल शोधायचंय ते चौकोनाच्या सीमेवर आलं पाहिजे. निम्मं गणित इथे सुटतं.

दुसरी गोष्ट. प्रत्येक गणित बाणांनी सोडवायचं नसतं. घाटाखाली खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र आहे, १९१५ मध्ये सुरू झालेलं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली जातं. पाइप कुठे तीव्र, कुठे सौम्य. दर वळणावर बाण काढत बसलात तर रात्र होईल. तिथे ऊर्जा मोजायची. १ किलो पाण्यासाठी ९.८ गुणिले ५००, म्हणजे ४९०० ज्यूल. वाटेतला तोटा सोडला तर नोझलमधून बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ९९ मीटर, म्हणजे ताशी ३५० किलोमीटरच्या वर. वाट वाकडी असेल आणि प्रश्नात फक्त सुरुवात-शेवट असेल तर ऊर्जा. 'किती बल', 'किती ताण' असं विचारलं असेल तर बाण.

आता भाची बारावीत आहे, आणि मध्यंतरी फोन आला. "मामा, इलेक्ट्रोमॅग्नेटिझम काहीच कळत नाही. लेन्झचा नियम नुसता पाठ केलाय."

मी तिला पुन्हा खोपोलीलाच नेलं, फोनवरच. मुंबईत संध्याकाळी दिवे लागले की जनित्रातून जास्त विद्युतधारा वाहते. ती धारा चुंबकीय क्षेत्रात असते, म्हणून तिच्यावर बल येतं, आणि ते बल चाकाच्या फिरण्याला विरोध करतं. जनित्र 'जड' होतं. मग वेग टिकवायला पाणी जास्त सोडावं लागतं. विरोध नसता तर थेंबभर पाण्यात अख्खी मुंबई उजळली असती! लेन्झचा नियम म्हणजे वीज फुकट मिळत नाही, एवढंच.

मग तिच्या पुस्तकातलं गणित घेतलं. उतारावर दोन समांतर पट्ट्या, त्यांवर आडवी सरकणारी धातूची कांडी, उताराला काटकोनात चुंबकीय क्षेत्र, घर्षण नाही. कांडीचा अंतिम वेग काढा. तिने 'बी एल व्ही' लिहिलं आणि अडकली.

"बाण काढ," मी म्हटलं.

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "अरे, ही तर घाटातली गाडीच आहे!"

अगदी तेच. खाली ओढणारं एम जी साइन थीटा तेच, फक्त वर धरणारा बाण आता रुळाचा नाही, चुंबकीय क्षेत्राचा. वेग स्थिर झाला म्हणजे दोन्ही सारखे. चढ ३७ ला १ च ठेवू. कांडी ०.२ किलो, लांबी ०.५ मीटर, क्षेत्र ०.८ टेस्ला, रोध ०.१ ओहम. खाली ओढणारं बल ०.०५३ न्यूटन. विरोधी बल म्हणजे बी वर्ग एल वर्ग व्ही भागिले आर, इथे १.६ गुणिले वेग. वेग आला सेकंदाला सुमारे ३.३ सेंटिमीटर.

आणि उत्तर तपासायचं, हे विसरायचं नाही. गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला देतं ०.०५३ गुणिले ०.०३३, सुमारे ०.००१७५ वॅट. धारा ०.१३ ॲम्पियर, तिने रोधात निर्माण होणारी उष्णता, आय वर्ग आर, तीही तेवढीच. जमाखर्च जुळला म्हणजे गणित बरोबर. घाट उतरताना आजकालची विजेची इंजिनं हेच करतात. मोटर जनित्र होते, गाडीला अडवते, आणि वीज तारेत परत जाते.

तर थोडक्यात: आकृती काढा, चौकोन कशाभोवती ते ठरवा, प्रत्येक बाणाचा मालक शोधा, बाण की ऊर्जा ते ठरवा, सूत्र त्यानंतर लिहा, आणि शेवटी दुसऱ्या वाटेने उत्तर तपासा. दिवसाला दहा गणितं उतरवून काढण्यापेक्षा दोन अशी सोडवा.

भाचीला परवाच्या चाचणीत २५ पैकी १५ मिळाले. फार नाहीत. पण एका गणितात आकडेमोड चुकूनही आकृतीचे मार्क मिळाले, हे तिने आधी सांगितलं. आर्ट्सचा विषय परत निघाला नाही. निघाला असता तरी हरकत नव्हती, पण 'मला जमत नाही' म्हणून नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

तुमच्यासाठी गृहपाठ: वरच्या गणितात क्षेत्राची दिशा उलटी केली, तर कांडीचा वेग बदलेल का? बाण काढून बघा. उत्तर पुढच्या भागात. तोवर रजा घेतो.