रंगवण्याआधी पिशवी धुवा

२०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा आमच्या बचत गटानं मांजरपाटाच्या ४० पिशव्या शिवून त्यांवर वारली चित्रं रंगवली. पहिल्याच धुण्यात रंग सुटला. गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. दोष रंगाचा नव्हता, आमचा होता. कोऱ्या कापडाला खळ असते. रंग धाग्यात न मुरता खळीवर बसतो आणि खळीबरोबरच निघून जातो.

आता आम्ही पिशव्या रात्रभर भिजत घालतो, सकाळी साबणानं धुतो, वाळल्या की इस्त्री करतो. रंगवताना आत पुठ्ठा सरकवायचा, नाहीतर चित्र मागच्या बाजूलाही उमटतं. फॅब्रिक कलरमध्ये पाणी अगदी थेंबभर. पातळ रंग फुटतो. वारली माणूस सोपा, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. लग्नाचा चौक मात्र आम्ही काढत नाही. तो देवीचा, भाजीच्या पिशवीवर कशाला?

रंग एक दिवस वाळू द्या, मग पिशवी उलटी करून आतून गरम इस्त्री फिरवा. पाणी न शिंपडता.

त्या परत आलेल्या पिशव्या आम्ही अजून बाजाराला नेतो. चित्र गेलं, शिवण पक्की आहे.