डोळ्यात थेंब कोण घालणार?

ज्या जिल्हा रुग्णालयात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, तिथला नेत्रकक्ष या वर्षी बंद झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया बंद झालेल्या नाहीत, उलट वाढल्या आहेत. रुग्ण सकाळी येतो, फेको म्हणजे लहान छेदातली शस्त्रक्रिया होते आणि दिवेलागणीला तो घरी असतो. खाटा लागत नाहीत म्हणून खाटा हलवल्या, आणि त्यांच्यामागोमाग तिथल्या परिसेविकेचं पदही दुसरीकडे गेलं. रुग्णाला चिमटीएवढ्या छेदातून दृष्टी मिळते याचा मला मनापासून आनंद आहे. त्यानंतरचे चार-सहा आठवडे त्या डोळ्यात दिवसातून अनेकदा थेंब पडायचे असतात. ते कसे घालायचे हे आता त्याला कुणी हाताला धरून शिकवत नाही. हातात छापील कागद मिळतो, आणि ज्याला वाचायला दिसत नव्हतं म्हणून शस्त्रक्रिया केली, त्यानंच तो वाचायचा असतो.

माझ्या आधीचा इतिहास पाठ्यपुस्तकात सापडेल. 1963 मध्ये खुपरीविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम, 1970 मध्ये मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस, 1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम. प्रशिक्षणात आम्ही ही सालं पाठ केली आणि परीक्षेत लिहिली. डोळा खरा कळला तो ऐंशीच्या दशकात, शिबिरांमध्ये.

सुगी आटोपली, थंडी पडली की शिबिरं सुरू व्हायची. जिल्हा परिषदेच्या शाळेचे वर्ग धुऊन काढायचे, एका खोलीत टेबलं लावून ओटी, म्हणजे शस्त्रक्रियेची खोली, करायची, बाकीच्यांत जमिनीवर गाद्या. आमचं काम आदल्या दिवशीच सुरू होई. लघवीत साखर आहे का ते बघायचं. नाकाजवळच्या कोपऱ्यात दाबून, सिरिंजनं पाणी सोडून अश्रूपिशवी तपासायची. पू उलटून आला तर शस्त्रक्रिया पुढे ढकलायची, मग तो माणूस कितीही लांबून आलेला असो. पापण्यांचे केस कापताना कात्रीच्या पात्यांना मलम लावायचं, म्हणजे केस डोळ्यात न पडता पात्याला चिकटतात. कोणता डोळा करायचा, त्या बाजूला कपाळावर चिकटपट्टी लावायची आणि नाव विचारून ती पुन्हा ताडून पाहायची.

तेव्हा कृत्रिम भिंग आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. बुबुळाच्या कडेनं जवळजवळ अर्धवर्तुळ छेद देऊन गढूळ भिंग सगळंच्या सगळं बाहेर काढायचं आणि रेशमी धाग्याचे टाके घालायचे. एवढी मोठी जखम एका खोकल्यानं उघडू शके. म्हणून रुग्ण उताणा, डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. वाकायचं नाही, कुंथायचं नाही, शिंकायचं नाही. आजीबाईंच्या कमरेची तपकिरीची डबी काढून घेणं ही आमची पहिली लढाई असे. शौचाला जोर पडू नये म्हणून रात्री इसबगोल. दोन्ही डोळे झाकलेलं म्हातारं माणूस रात्री भ्रमायचं, आपण कुठे आहोत ते त्याला कळेनासं व्हायचं आणि हात पट्टीकडे जायचा. म्हणून आमचा नियम होता: अंगाला हात लावण्याआधी बोलायचं. ‘बाबा, मी सिस्टर आहे, तुमच्या उजव्या बाजूला उभी आहे.’ एवढं सांगितलं की कितीतरी हात पट्टीवरून खाली येत.

सकाळी पट्टी सोडायची वेळ ही त्या दिवसातली सर्वांत जबाबदारीची वेळ. बाहुली गोल आहे की एका बाजूला ओढली गेली आहे? ओढली असेल तर जखमेतून आतला पडदा बाहेर आला असण्याची शक्यता. बुबुळामागे तळाशी पांढरी रेघ साचली आहे का? तो पू. रात्री एकाएकी दुखलं का, हे मुद्दाम विचारावं लागे, कारण आमचे म्हातारे सोसण्यात वाकबगार. डॉक्टर येण्याआधी टॉर्च आमच्या हातात असे आणि हे आम्हीच आधी पाहत असू.

1986 साली उत्तर प्रदेशात खुर्जा इथल्या शिबिरात 84 जणांचा शस्त्रक्रिया केलेला डोळा कायमचा गेला. डोळे धुवायला वापरलेलं सलाइन दूषित असल्याचं निष्पन्न झालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1989 मध्ये निकाल लागला. ती बातमी वाचल्यापासून सलाइनची बाटली उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय आमच्या ओटीत कुणी ती टेबलावर ठेवली नाही. एकाची बाटली दुसऱ्याच्या डोळ्याला लावायची नाही, निर्जंतुक केलेल्या सामानाचा ड्रम बाहेर काढला की त्यावरची तारीख मोठ्यानं वाचायची, शंका आली की पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये. यात उशीर होतो म्हणून आमच्यावर आवाज चढवणारे वरिष्ठ होते. आकडा गाठायचा असे. समारोपाला मंडप, हार, पुढाऱ्यांची भाषणं, शल्यचिकित्सकांना शाल-श्रीफळ. अहवालात शस्त्रक्रिया मोजलेल्या. रात्रभर जागलेल्या मुलींचा उल्लेख मी एकाही अहवालात पाहिला नाही, आणि हा राग अजून माझ्या मनात आहे, कारण त्या उल्लेखाबरोबर पदंही आली असती.

घरी सोडताना जाड भिंगांचा चष्मा मिळे, साधारण दहा नंबरचा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. पायरी चुकते, पेला धरायला गेलेला हात अलीकडेच थांबतो. आम्ही व्हरांड्यात त्यांना पायऱ्या चढायला-उतरायला लावत असू, लोट्यातून पेल्यात पाणी ओतायला सांगत असू. हे कुठल्याही आदेशात नव्हतं. ज्यांना कुणी शिकवलं नाही, त्यांचा चष्मा देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला मी खेड्यांत पाहिला आहे.

कानाला तर शिबिरही लाभलं नाही. कान-नाक-घशाची ओपीडी जिन्याखालच्या खोलीत भरे आणि पावसाळ्यात ती वाहत्या कानांच्या मुलांनी भरून जाई. विहिरीत पोहणारी मुलं, झोपवून दूध पाजलेली तान्ही बाळं, लसूण टाकून कडवलेलं तेल कानात ओतलेलं. फुटलेल्या कानात तेल म्हणजे पू आत कोंडणं. आमचं औषध साधं होतं. स्वच्छ कापसाची वात वळायची, मोठ्या माणसाची कानाची पाळी वर आणि मागे, लहान बाळाची खाली आणि मागे ओढायची, वात आत फिरवून टिपायचं आणि वात कोरडी येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. मगच थेंब, आणि कानाच्या तोंडाशी असलेला उंचवटा हलके दाबायचा म्हणजे थेंब आत उतरतो. पुवावर टाकलेला थेंब पुवातच राहतो. आईच्या हातून ही वात वळून घेतल्याशिवाय मी तिला जाऊ देत नसे. दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे. ज्या आयांनी हे केलं, त्यांच्या पोरांचे कान कोरडे झाले. उरलेली पोरं शेवटच्या बाकावर बसली आणि ऐकू येत नसताना ‘ढ’ ठरली.

मळ काढायचं पाणी अंगाइतकंच कोमट हवं, नाहीतर रुग्णाला गरगरतं. कानात वाटाणा किंवा हरभरा गेला असेल तर पाणी घालायचं नाही, दाणा फुगतो. जिवंत किडा असेल तर आधी तेलाचे थेंब घालून तो मारायचा. क्षयरोग्याला स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन देण्यापूर्वी दर वेळी विचारायचं, कानात आवाज येतात का, तोल जातो का. हे प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर होत्या म्हणून कितीजणांचं ऐकणं वाचलं, याची नोंद कुठेही नाही. डोळ्यांसाठी देशाचा कार्यक्रम 1976 मध्ये आला. बहिरेपणासाठी तो सुरू व्हायला 2007 उजाडलं, तोही आधी मोजक्या जिल्ह्यांत.

नव्वदचं दशक भराभर गेलं. मदुराईत 1992 पासून स्वस्त कृत्रिम भिंगं तयार होऊ लागली, जागतिक बँकेच्या मोतीबिंदू प्रकल्पात महाराष्ट्र आला, शाळांमधली शिबिरं थांबून शस्त्रक्रिया रुग्णालयात आल्या. हे सगळं चांगलंच झालं. प्रशिक्षणं, यंत्रं, तक्ते यांत ती वर्षं सरली. मात्र याच काळात परिचारिकांच्या बदल्या अशा होऊ लागल्या की डोळ्यांचं काम हातात बसलेली मुलगी काही महिन्यांत प्रसूती कक्षात आणि तिथली इथे.

त्याचं फळ जुलै 2023 मध्ये दिसलं. आळंदीत आणि पुण्याच्या परिसरात डोळ्यांची साथ आली, हजारो मुलांचे डोळे आले. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब न विचारता विकले गेले, एकाच बाटलीतून घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब पडले. बुबुळावर जखम असेल तर हेच थेंब डोळा घालवू शकतात. पू येणाऱ्या डोळ्यावर पट्टी बांधायची नसते, आजारी डोळ्याच्या कुशीवर झोपायचं म्हणजे पू चांगल्या डोळ्यात जात नाही, टॉवेल वेगळा ठेवायचा, हे पूर्वी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंडी सांगितलं जाई. तसंच काचबिंदूचे रुग्ण वर्षानुवर्षं महागडे थेंब गालावर घालतात आणि डोळ्याचा दाब उतरत नाही म्हणून औषध बदललं जातं. थेंब घालताना त्यांना कुणी पाहिलेलंच नसतं.

माझं मागणं फार नाही. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकानं घरी जाण्यापूर्वी परिचारिकेसमोर स्वतःच्या हातानं, किंवा घरच्या माणसाच्या हातून, थेंब घालून दाखवावा: हात धुऊन, खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक न लावता, मग नाकाजवळचा कोपरा दाबून धरून, दुसऱ्या औषधाआधी पाच मिनिटं थांबून. वाहत्या कानाच्या मुलाच्या आईनं तशीच वात वळून दाखवावी. केसपेपरवर त्यासाठी एक ओळ असावी, तिच्याखाली परिचारिकेची सही असावी, आणि शस्त्रक्रियांचा आकडा जिथे वर पाठवतात तिथेच या सह्यांचाही पाठवावा. ओटीबाहेर एक खुर्ची आणि हे काम जाणणारी, किमान तीन वर्षं न हलवलेली एक सिस्टर, एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.