कोऱ्या कातळाचं बेट

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरून एक हमरस्ता जातो. सेंत-रोझ आणि सें-फिलिप या गावांच्या दरम्यान तो जंगलातून बाहेर पडतो आणि एकाएकी काळ्याशार उजाड उतारावर येतो. पुन्हा थोडं हिरवं, पुन्हा काळं. प्रत्येक काळ्या पट्ट्याच्या कडेला एक पाटी आहे, तिच्यावर साल लिहिलेलं असतं: 2002, 2004, 2007. त्या त्या वर्षी डोंगरातून उतरलेला लाव्हा इथे रस्ता ओलांडून समुद्राकडे गेला आणि दर वेळी त्याच्यावरूनच नवा रस्ता बांधला गेला. या उताराला तिथले लोक ‘ग्राँ ब्रुले’ म्हणतात, म्हणजे मोठा जळका मुलूख. खडकाचं वय पाटीवर वाचत जावं अशी ही वाट. ज्वालामुखी पाहायला जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे आगीचं कारंजं असतं, रात्रीच्या काळोखातला लाल ओघ असतो. माझं म्हणणं असं आहे की या बेटावर पाहण्याजोगी खरी गोष्ट आग नाही, तर ती विझल्यावर मागे राहिलेला थंड दगड आहे. काळ्या कातळावरच ज्यांची घरं, विहिरी, किल्ले आणि लेणी उभी आहेत, त्या मराठी माणसांसाठी तर हे अधिकच खरं आहे.

बेट तसं लहान, सुमारे 2,500 चौरस किलोमीटरचं, मादागास्करच्या पूर्वेला, फ्रान्सच्या अखत्यारीत. त्यावर दोन ज्वालामुखी शेजारी शेजारी उभे आहेत. वायव्येचा पितों दे नेझ 3,070 मीटर उंच, हजारो वर्षांपासून शांत. आग्नेयेचा पितों द ला फूर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर, 2,632 मीटर उंच आणि जगातल्या सर्वांत क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक. सतराव्या शतकापासून त्याच्या दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. 2007 साली बेटाचा सुमारे 42 टक्के भाग राष्ट्रीय उद्यान झाला आणि 2010 साली इथली शिखरं, कडे आणि खोरी जागतिक वारसा यादीत गेली. फूर्नेझच्या माथ्याभोवती घोड्याच्या नालेसारखं, समुद्राच्या बाजूला उघडं असलेलं, सुमारे आठ किलोमीटर रुंद खोलगट आवार आहे. फूके या फ्रेंच भूशास्त्रज्ञाच्या नावाने ते ओळखलं जातं. जवळपास सगळे उद्रेक या आवाराच्या आतच होतात, त्यामुळे वस्ती बाहेर ठेवून माणसाला ज्वालामुखीशेजारी राहता आलं आहे.

पा द बेलकोंब या कड्यावरून पायऱ्या उतरून या आवारात शिरता येतं, पण ज्वालामुखी शांत असेल तेव्हाच. जमीन फुगू लागली, भूकंपांची संख्या वाढली की बूर-म्यूरा इथल्या वेधशाळेतून इशारा जातो आणि प्रशासन आवाराचं दार बंद करतं. ही वेधशाळा 1979 साली उभी राहिली. त्याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल 1977 मध्ये, लाव्हा नेहमीचं आवार सोडून बाहेर फुटला होता, पितों सेंत-रोझ गावात शिरला होता, घरं गिळून चर्चच्या उंबऱ्यापाशी येऊन दोन्ही बाजूंनी वळला होता. म्हणजे आग असते तेव्हा माणसाने लांब कड्यावर उभं राहायचं, आणि पायाखाली जमीन येते ती फक्त थंड झालेली. उद्यानाच्या नियमाने अभावितपणे माझाच मुद्दा मान्य केला आहे असं मला वाटतं.

आवारात उतरल्यावर दगडांवर मारलेल्या पांढऱ्या रंगाच्या खुणा पाहत चालायचं. धुकं उतरलं तर त्या खुणांशिवाय दुसरा आधार नाही. सुरुवातीलाच फॉर्मिका लिओ नावाचा तांबूस, बुटका, दोन तोंडांचा राखेचा ढीग लागतो. तो 1753 सालचा. पुढे जमिनीवर वाकून पाहावं. एका जागी लाव्ह्याची साय सुरकुतली आहे: वरचा थर गोठत होता आणि खालचा अजून वाहत होता, म्हणून त्या सायीला पिळाच्या दोरासारख्या वळ्या पडल्या. बोट फिरवलं तर वळ्यांवरची काचेसारखी पातळ कपची निघते. चार पावलांवर हाच लाव्हा ओबडधोबड, काटेरी ढेकळांचा खच होऊन पडला आहे. बूट फाडणाऱ्या या ढेकळांना तिथल्या क्रिओल बोलीत ‘ग्रातों’ म्हणतात. फुटलेल्या कडेत आतला छेद दिसतो: वर भाकरीच्या पापुद्र्यासारखी बुडबुड्यांनी भरलेली जाळी, मधे घट्ट, एकसंध काळा गाभा, तळाशी पुन्हा छिद्रं आणि चुरा. काही ओघांत ऑलिव्हिन या खनिजाचे बाटलीच्या काचेसारखे हिरवे दाणे आहेत.

हा छेद मराठी मुलखात सर्वत्र आहे, फक्त आपण तो असा कोरा कधी पाहिलेला नसतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे याच काळ्या खडकाचा, आणि तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांचा. घट्ट गाभा झिजत नाही, त्याचा कडा होतो. जाळीदार माथा लवकर झिजतो, त्याची माची होते. सह्याद्रीचं पायऱ्यापायऱ्यांचं रूप यातूनच आलं, आणि अशा खडकासाठी वापरला जाणारा ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. अजिंठ्याचे कारागीर भरीव थर शोधून छिन्नी लावत होते. विहीर खणणारा जाणता माणूस काळ्या घट्ट खडकाखाली मऊ, छिद्रांचा थर लागण्याची वाट पाहतो, कारण पाणी तिथे. दोन थरांमधली तांबडी माती म्हणजे एक ओघ थंड झाल्यापासून पुढचा येईपर्यंतचा निवांत काळ. त्या काळात माथा कुजून माती झाली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजून लाल केली. ग्राँ ब्रुलेच्या रस्त्यावर दोन पाट्यांमध्ये जे अंतर आहे, तेच आपल्या घाटरस्त्याच्या कापात तांबड्या रेघेने लिहिलेलं आहे. पण साडेसहा कोटी वर्षांच्या पावसाने आपली पाटी धुऊन नेली. छिद्रांत झिओलाइटचे स्फटिक आणि चिकणमाती बसली, दोराच्या वळ्या बहुतेक ठिकाणी गेल्या, वरून मुरूम झाला. हे आपलं अक्षर झिजण्यापूर्वी कसं दिसत असेल, ते फूर्नेझच्या आवारात दिसतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. रियुनियन हे दख्खनच्या लाव्ह्याचं उगमस्थान आहे, हे आपण गृहीत धरायचं का? प्रचलित सिद्धान्त असा: पृथ्वीच्या खोल गर्भातून वर येणारा उष्ण स्तंभ जवळपास एका जागी आहे आणि भारतीय भूखंड त्याच्यावरून उत्तरेला सरकत गेला. आधी दख्खन, मग लक्षद्वीप-मालदीव-चागोसची रांग, मग मस्कारीन पठार, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. भूशास्त्रज्ञ जेसन मॉर्गन यांनी 1971 मध्ये अशा स्तंभांची कल्पना मांडली. 1987 साली समुद्रतळावर केलेल्या वेधनात या रांगेतले खडक दक्षिणेकडे जाताना तरुण होत जातात असं आढळलं: मालदीवपाशी सुमारे 5 कोटी 70 लाख वर्षं, चागोसपाशी 4 कोटी 90 लाख, मस्कारीन पठारावर 3 कोटी 30 लाख. पुरावा भक्कम वाटतो. तरी मुंबईच्या आयआयटीतले भूशास्त्रज्ञ हेतू शेठ यांनी 2005 मध्ये साफ लिहिलं की दख्खनपासून रियुनियनपर्यंत अशा स्तंभाचा माग लागत नाही; भूखंड ताणला जाऊन फाटला, भेगा पुढे सरकल्या, त्यानेही ही रांग समजावता येते. शिवाय दख्खनच्या खडकात गोठलेल्या चुंबकत्वावरून त्या वेळचं स्थान काढलं तर ते 30 अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास येतं, आणि रियुनियन आहे 21 अंशांवर. स्तंभवादी म्हणतात, स्तंभही थोडा सरकला असेल, किंवा अख्खी पृथ्वीच आपल्या अक्षाच्या संदर्भात कलली असेल.

माझा कल स्तंभाकडे आहे, कारण वयांचा तो क्रम भेगांच्या कल्पनेत तितका सहज बसत नाही. पण माझं मुख्य म्हणणं या वादावर उभं नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण ‘सह्याद्रीची जननी’ अशा भावुक वाक्यांनी या बेटाचं वर्णन केलं की वाचक वंशावळीत अडकतो. बेसॉल्टचा द्रव कुठूनही आला तरी सारख्याच नियमांनी थिजतो. वरून त्वचा धरते, वायूचे बुडबुडे वर साठतात, गाभा सावकाश निवतो आणि आकसून चिरतो. वंश सिद्ध झाला नाही म्हणून अक्षर वाचायचं थांबत नाही.

दुसरा आक्षेप आकाराचा. 2007 चा उद्रेक फूर्नेझच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत मोठा. त्यात बाहेर आलेला लाव्हा एका घन किलोमीटरच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा. दख्खनचा एकेक मोठा ओघ हजार घन किलोमीटरच्या घरात जातो आणि एकूण राशी दहा लाख घन किलोमीटरहून अधिक होती असा अंदाज आहे. ओढ्यावरून महापूर समजतो का, असं कुणी विचारलं तर प्रश्न रास्त आहे. उत्तर हवाई बेटांवरून आलं. किलाउएया ज्वालामुखीवर अभ्यासकांनी पाहिलं की सपाटीवर आलेला संथ लाव्हा आधी वीतभर जाडीचा असतो, मग त्वचेखालून नवा द्रव येत राहतो आणि अख्खा थर पोळीसारखा फुगत कित्येक मीटर उचलला जातो. वरची त्वचा आतली उष्णता राखते, म्हणून तो लांबवर जाऊ शकतो. पुढे भूशास्त्रज्ञ रेमंड दुराईस्वामी आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या थरांत याच फुगण्याच्या खुणा दाखवल्या. म्हणजे प्रचंड ओघही पुरासारखे धावतच गेले असतील असं नाही. काही संथपणे, वर्षानुवर्षं वाढत गेले. लहान ज्वालामुखीवरचं निरीक्षण मोठ्याला लागू पडलं. फरक आहेच: दख्खनचा लाव्हा एका शिखरातून नाही, लांबलचक भेगांतून आला, नंदुरबार-धुळे भागातल्या डाइकांच्या समांतर भिंती हे त्या भेगांचेच सांगाडे. पण फूर्नेझचे उद्रेकही बहुधा बाजूच्या उतारावर फुटलेल्या भेगांतूनच होतात, शिखराच्या तोंडातून नव्हे. रियुनियन आपल्याला दख्खनचं परिमाण शिकवत नाही, रीत शिकवतं.

आणि आग? ती पाहूच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण 2007 मध्ये नेमकं काय झालं ते पाहा. फेब्रुवारीच्या शेवटी गामेद हे चक्रीवादळ आलं आणि फूर्नेझच्या अंगावरच्या कॉमेर्सों विवरापाशी 72 तासांत 3,900 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला; तो जागतिक विक्रम आहे. महाबळेश्वरच्या वर्षभरातल्या पावसाचा जवळपास दोन-तृतीयांश तीन दिवसांत! सेंत-एतिएन नदीवरचा पूल कोसळला. 5 मार्चला राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं. 2 एप्रिलला ग्राँ ब्रुलेच्या उतारावर, ट्रेंब्ले गावाजवळ भेग फुटली आणि लाव्हा समुद्रात शिरून नवी जमीन करू लागला. आतला द्रव तिकडे निघून गेल्याने चार दिवसांच्या आत शिखरावरच्या दोलोम्यू विवराचा तळ खचू लागला आणि 300 मीटरहून अधिक खाली गेला. महिनाभरात आग संपली. कारंज्याची छायाचित्रं जगभर गेली. पण जाड ओघाचा गाभा पुढे अनेक वर्षं गरम राहिला, पाऊस पडला की त्याच्यावरून वाफा उठायच्या. घट्ट काळा गाभा इतका घट्ट का, याचं उत्तर त्या वाफांत होतं, आणि ते पाहायला कॅमेऱ्यांची गर्दी नव्हती.

त्या पावसाने मुद्द्याची दुसरी बाजू दाखवली. सह्याद्री लाव्ह्याने रचला खरा, पण त्याला आकार पाण्याने दिला. रियुनियनवर ही दोन्ही कामं पन्नास किलोमीटरच्या आत चालू आहेत. फूर्नेझ रचला जातो आहे, पितों दे नेझ कोरला जातो आहे. त्याच्या तीन बाजूंना सिलाओस, सालाझी आणि माफात ही तीन खोरी अशी खोल कापली गेली आहेत की त्यांच्या भिंतींत शेकडो थर आणि त्यांना उभ्या छेदणाऱ्या डाइकांच्या रेघा उघड्या पडल्या आहेत. कोकणकड्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला या भिंती परक्या वाटणार नाहीत. कोरा लाव्हा मात्र पाणी धरत नाही: ग्राँ ब्रुलेवर अफाट पाऊस पडूनही बारमाही नदी नाही, सगळं पाणी भेगांतून थेट खाली जातं. आपल्याकडे हीच छिद्रं पुष्कळशी बुजली म्हणून पाऊस वाहून जातो आणि मराठवाड्यातली विहीर मार्चमध्ये तळ गाठते. एकच दगड, दोन वयं, दोन वेगळी तहान.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त सलतो. दुसऱ्यांच्या बेटाला आपल्या खडकाची शाळा करून टाकणं योग्य आहे का? हे बेट आपल्यासाठी थांबलेलं नव्हतं. माफातच्या खोऱ्यात अजून रस्ता नाही, लोक पायी किंवा हेलिकॉप्टरने येतात-जातात. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी तिथे आसरा घेतला होता आणि गुलामगिरी संपायला 20 डिसेंबर 1848 उजाडावा लागला. त्यानंतर करारावर दक्षिण भारतातून मजूर आले, तसे शेजारच्या मॉरिशसला महाराष्ट्रातूनही गेले. तिथल्या मराठी वस्तीच्या पायाखालचा बेसॉल्ट याच रांगेतला आहे. तेव्हा नातं आहे, पण मालकी नाही. दगडाकडे बघणाऱ्याने त्यावर उगवणाऱ्या गोष्टीही पाहाव्यात. ताज्या ओघावर आधी राखाडी दगडफूल धरतं, उतार धुरकट पांढरा दिसू लागतो. मग भेगांत नेचे, मग झुडपं, आणि पावसाळी बाजूला काही शतकांत जंगल. या क्रमात आता बाहेरच्यांनी घाई केली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आपण हौसेने लावतो तो सुरू तिथे ओघांवर पसरला आहे आणि त्याच्या दाट पाचोळ्याखाली मूळच्या झाडांना जागा मिळत नाही. पश्चिमेच्या कोरड्या जंगलात तर आपली माधवलता झाडांवर चढून त्यांना गुदमरवते आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे. भारतातून शोभेसाठी नेलेली ही वेल उपटण्यासाठी उद्यानाची माणसं वर्षानुवर्षं उतारावर राबत आहेत, आणि ग्राँ ब्रुलेवर 2007 च्या पाटीमागे दगडफुलाचा राखाडी थर दरवर्षी थोडा दाट होतो आहे.