गोष्ट वर्गणीदाराच्या मापाची

मेहकरहून जालन्याकडे निघालं की वाटेत सुलतानपूर लागतं. लोणारचा फाटा इथलाच. गावाला रेल्वे आजही नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी मात्र ब्रिटिश अमदानीपासून चालत आलेली. दोन महायुद्धांच्या मधल्या वर्षांत वऱ्हाडातल्या अशा आडवाटेच्या गावांकडे पुण्या-मुंबईची छापील गोष्ट यायची ती टपालाने, मासिकाच्या अंकातून. अंक सोडवणारा एखादा मास्तर, पटवारी, नाहीतर तालुक्याचा वकील. त्या काळच्या मराठी लघुकथेला घाट दिला तो या वर्गणीदाराने, असं माझं मत आहे. टीकाकारांनी त्याला शास्त्राचा साज नंतर चढवला.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये कादंबऱ्या क्रमशः चालत. टपालात एक अंक गहाळ झाला की धागा तुटला! का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’मध्ये (स्थापना १८९५) ‘संपूर्ण गोष्ट’ रुळली आणि वि. सी. गुर्जरांसारखे लेखक तिच्यावर लोकप्रिय झाले. लंडनच्या ‘स्ट्रँड’ने शेरलॉक होम्सच्या कथा १८९१ पासून याच हिशेबाने छापल्या होत्या: नायक तोच, गोष्ट त्या-त्या अंकात पुरी. श्रावणात ‘हरिविजया’चे अध्याय रोज ऐकणाऱ्या माणसाला ‘पुढील अंकी’ची सवय नव्हती असं नाही. पण पोथी घरात असते, पुढचा अंक पोस्टात.

गोष्ट आटोपशीर झाली तशी ती आतही वळली. दिवाकर कृष्णांच्या ‘अंगणातला पोपट’मध्ये (१९२२) घडतं थोडं, मनात चालतं फार. पुढे ‘रत्नाकर’ (१९२६) आला, ‘यशवंत’ आलं, आणि कथा हा मासिकाचा मुख्य माल झाला.

सगळ्यांत नवलाची कहाणी ‘किर्लोस्कर’ची. औंध संस्थानातल्या माळावर लोखंडी नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० मध्ये गिऱ्हाइकांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. संपादक शंकरराव किर्लोस्कर, हाडाचे चित्रकार. नांगराच्या माहितीशेजारी त्यांनी गोष्ट बसवली, चित्रं बसवली, बुवाबाजीवर कोरडे ओढणारे लेख बसवले. बघता बघता ते घरोघरचं मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडंही आली. माल खपवायला काढलेल्या पत्रकातून एका पिढीची वाङ्मयीन आवड घडावी, हे कुठल्या साहित्य परिषदेला सुचलं नसतं.

मग वाद आले. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथेचं तंत्रच मांडलं: सुरुवात चटकदार, गुंतागुंत रीतसर, शेवट अनपेक्षित. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवता शिकवता जीवनासाठी कलेची बाजू लढवत होते. दोघांचे चाहते हिरिरीने भांडले, तरी दोघांच्या गोष्टी वाचणारी घरं बहुधा तीच होती. या तंत्रवेडाची खरी फिरकी घेतली ती बेताचंच शिक्षण झालेल्या य. गो. जोशींनी. ‘ग्यानबा-तुकाराम आणि टेक्निक’ या नावातच त्यांनी अर्धं काम उरकलं आहे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ निघालं, तेव्हा कथांइतकीच चर्चा टोपणनावाआडची बाई कोण याची झाली. त्या मालती बेडेकर, हे पुढे कळलं.

या सगळ्यात कपाशी वेचणारी बाई कुठे होती? जवळजवळ नव्हतीच. वर्गणी भरणाऱ्याला आपलं घर, आपलं कॉलेज, आपलं प्रेम वाचायचं होतं, आणि संपादकाला वर्गणी हवी होती. नरखेडच्या वामन चोरघड्यांची ‘अम्मा’ १९३२ ची. त्यांच्यासारख्यांनी विदर्भाची माती कथेत आणली, पण ते अपवादच. कविता मात्र सुटली. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर गेली आणि ज्यांनी मासिक कधी हाती धरलं नाही त्यांच्याही कानी पडली. गोष्टीला ही सोय नव्हती, ती वाचता येणाऱ्यापाशीच थांबली. वऱ्हाडी बोली कष्टकरी बाईच्या तोंडून कादंबरीभर बोलली ती उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये, १९६० साली.