पाण्याचा परवाना आणि न्यायालयाची कसोटी

पाणी उपसण्याचा परवाना देणे, नाकारणे वा रद्द करणे हा शासनसंस्थांचा अधिकार असला, तरी तो अनिर्बंध नसतो. संविधानाच्या अनुच्छेद २२६ नुसार उच्च न्यायालय अशा निर्णयाची वैधता तपासू शकते आणि या तपासणीलाच न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात. अपिलाप्रमाणे येथे निर्णय नव्याने घेतला जात नाही; निर्णय घेणाऱ्यास तसा अधिकार होता काय, बाधितांचे म्हणणे ऐकून घेतले गेले काय आणि निर्णयास पुरेसा आधार होता काय, हे प्रामुख्याने पाहिले जाते.

या कसोटीचे सामर्थ्य आणि मर्यादा केरळमधील प्लाचीमडा प्रकरणात स्पष्ट दिसतात. पालक्काड जिल्ह्यातील पेरुमाट्टी ग्रामपंचायतीच्या परवान्यावर २००० मध्ये तेथे कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. विहिरींचे पाणी आटले आणि उरलेले पिण्याजोगे राहिले नाही, अशी तक्रार करीत परिसरातील आदिवासींनी २००२ मध्ये आंदोलन उभारले, आणि पुढील वर्षी पंचायतीने भूजलाच्या अतिउपशाचे कारण देऊन परवाना रद्द केल्यावर हा वाद उच्च न्यायालयात पोहोचला.

१६ डिसेंबर २००३ रोजी एकल न्यायपीठाने सार्वजनिक विश्वस्ततेच्या तत्त्वाचा आधार घेतला. नैसर्गिक संपत्ती जनतेची असून शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, असे हे तत्त्व सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने ते १९९६ मध्ये कमलनाथ खटल्यात स्वीकारले होते. कारखानाच बंद करण्याचा आदेश पंचायतीच्या अधिकाराबाहेरचा ठरला. मात्र या तत्त्वानुसार ३४ एकरांचा शेतकरी शेतीसाठी आणि घरगुती वापरासाठी जेवढे पाणी घेईल तेवढेच भूजल कंपनीला मिळेल, अशी मर्यादा घालण्यात आली. ७ एप्रिल २००५ रोजी द्विसदस्यीय न्यायपीठाने हा निर्णय फिरवला. कायद्याने मनाई नसेल तर जमीनमालकास आपल्या जमिनीखालील पाणी वाजवी प्रमाणात घेता येते, असे सांगून, तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे, सामान्य पर्जन्यमानाच्या वर्षी दररोज ५ लाख लिटर उपशास त्याने मुभा दिली.

गाव, विहिरी आणि कारखाना तेच असताना निष्कर्ष बदलला, कारण एका न्यायपीठाने पाण्याकडे जनतेची ठेव म्हणून, तर दुसऱ्याने जमिनीशी जोडलेला हक्क म्हणून पाहिले. कारखाना २००४ मध्येच बंद पडला होता, आणि तो पुन्हा सुरू करण्याचा इरादा नसल्याचे कंपनीने सांगितल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निर्णयाविरुद्धची अपिले २०१७ मध्ये निकाली काढली. त्यामुळे भूजल नेमके कोणाचे, या प्रश्नाचा अंतिम निर्णय त्या खटल्यात झालाच नाही.

न्यायालय बेकायदा निर्णय रद्द करू शकते, परंतु आटलेली विहीर भरू शकत नाही. शिवाय किती पाणी उपसणे सुरक्षित आहे, याचे मोजमाप परवाना दिल्यानंतर खटल्याच्या ओघात होऊ लागले, तर तोवरच्या उपशाची किंमत गावालाच मोजावी लागते. म्हणूनच भूजलाची मोजणी, ग्रामस्थांची सुनावणी आणि कारणांसहित लेखी आदेश या तिन्ही गोष्टी परवान्यावर सही होण्यापूर्वीच पूर्ण झाल्या पाहिजेत.