थंडीत टिकेल तीच जास्वंद विकावी

गणेशोत्सव आला की अमरावती-अकोल्यात जास्वंदीच्या रोपांना गिऱ्हाईक वाढते. गाडीवर टपोऱ्या पिवळ्या, नारिंगी, दुहेरी पाकळ्यांच्या फुलांची कुंडी दिसली की लोक भाव न करता उचलतात. पण डिसेंबर-जानेवारीत तेच गिऱ्हाईक वाळलेली काडी घेऊन दारात उभे राहते. नफा तर जातोच, वर विश्वासही जातो. म्हणून रोपांचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बागवान बांधवांनी माल भरण्यापूर्वी थोडा विचार करावा.

जास्वंद, म्हणजे उर्दूतील गुडहल, मूळची उष्ण प्रदेशातील. मलेशियाने १९६० साली तिला राष्ट्रीय फूल ठरविले. तेथे हिवाळा नाहीच. आपल्या वऱ्हाडात मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि हिवाळ्यात काही रात्री १० अंशांखाली येतो. सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला तर थंडी आणखी कडक. एवढ्या गारठ्यात जास्वंदीची वाढ थांबते, पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात.

कोणती जात घ्यावी?

एकेरी लाल देशी जास्वंद सर्वांत काटक. अंगणात जमिनीत लावलेली ही झाडे वर्षानुवर्षे टिकतात. मोठ्या फुलांच्या संकरित जाती नाजूक असतात. त्या घ्यायच्याच असल्या तर देशी खुंटावर बांधलेली कलमे मागावीत. सकाळी पांढरे आणि संध्याकाळी गुलाबी-लाल होणारे स्थलकमळही याच कुळातले व थंडीला बऱ्यापैकी दाद न देणारे.

कोरियात फुलणारी 'सिरियाकस' जास्वंद तर बर्फही सोसते. नावात सिरिया असला तरी तिचे मूळ चीनकडचे. हिवाळ्यात तिची सगळी पाने झडतात, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. नाहीतर झाड मेले म्हणून तक्रार येईल. अमेरिकेतील पाणथळ जागची जास्वंद थंडीत जमिनीपर्यंत वाळून पुन्हा फुटते, पण तिला सतत ओल लागते. आपल्या मे महिन्यात तेवढे पाणी कोठून आणणार?

माल कोठला, कधीचा?

आंध्रातील कडियमसारख्या दमट, उबदार भागातून आलेली रोपे दिसायला तजेलदार असतात, पण त्यांना गारठ्याची सवय नसते. असा माल पावसाळ्यातच आणावा, म्हणजे थंडीपूर्वी मुळे धरतात. त्याहून बरे म्हणजे गावातल्या जुन्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या पावसाळ्यात स्वतःच लावाव्यात. भांडवल कमी लागते आणि रोप इथल्याच हवेत वाढलेले असते.

निगा

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. थंड आणि ओली माती मुळे कुजविते, म्हणून तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. दिवाळीनंतर युरिया बंद करावा. पाणी बेताने आणि सकाळीच द्यावे. बुडाशी सोयाबीनचे कुटार पसरावे. कुंडी दक्षिणेच्या भिंतीला, उन्हात ठेवावी. छाटणी थंडी सरल्यावर, फेब्रुवारीत.

जास्वंद ही कपाशी, भेंडी, अंबाडीची भावंड. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण तिच्यावरही बसतो. पांढरा कापूस चिकटल्यासारखी फांदी दिसली तर ते रोप वेगळे ठेवावे. साबणाच्या पाण्याने धुऊन किडीचा बंदोबस्त झाल्याशिवाय ते शेतकऱ्याच्या घरी पाठवू नये.

शेवटी एक साधी परीक्षा. जानेवारीत वाळलेले झाड परत आले तर लगेच फेकू नये. नखाने साल खरवडावी. आत हिरवे दिसले तर जीव आहे. मार्चपर्यंत थांबावे. हीच गोष्ट रोप विकतानाच गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार पुढच्या वर्षीही ते गिऱ्हाईक टिकवून ठेवतो.